वाहता कान आणि घराची शिस्त

पाऊस सुरू झाला, कीं पेण व रोहें या बाजूंच्या घरांतून आम्हांस दरसाल एकच तक्रार ऐकूं येते. घरचा कुत्रा मान झाडतो, मागच्या पायानें कान खाजवितो, रात्रीं ओसरीवरील त्याच्या कानांची फडफड सर्वांची झोंप मोडते, आणि जवळ घेतलें तर कानांतून आंबूस दर्प येतो. औषधाचे थेंब घातले म्हणजे आठ दिवसांत सर्व शांत होतें, घरांतील मंडळी निश्चिंत होतात, आणि गणपतींचें विसर्जन होतें न होतें तोंच दुखणें पुन्हां उभें राहतें. ‘कांहीं तरी बाधा आहे,’ असें म्हणून वडील माणसें मोकळीं होतात, आणि ‘जातच तशी,’ असें म्हणून तरुण मंडळी. आमचें म्हणणें असें, कीं ही बाधा नव्हे, आणि केवळ जातीचा दोषही नव्हे. या दुखण्यास कारण असतें, तें शोधतां येतें, आणि पुष्कळदां तें कुत्र्याच्या कानांत नसून आपल्या माजघरांत असतें.

प्रथम हवेचा विचार करूं. १९८१ च्या आरंभापर्यंत कुलाबा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. भिंतींना ओल येते, डब्यांतले पापड सादळतात, चामड्याच्या वहाणांवर पांढरी बुरशी उठते. रोह्यास तर पावसाळ्याबाहेरही पाण्याची वाण नाहीं. भिरा येथें १९२७ सालीं सुरू झालेल्या वीजकेंद्रांतून सुटणारें पाणी कुंडलिकेस मिळतें आणि नदी वाहती राहते. घरच्या कुत्र्यास तींत उडी घेण्याची हौस असली, तर त्याचे कान बारा महिने ओले. ओल ही या दुखण्याची साथीदार खरी. पण ती साथीदारच, मूळ नव्हे. आळींतला उभ्या कानांचा गांवठी कुत्रा त्याच पावसांत भिजतो व त्याच नदींत डुंबतो, आणि तरी त्याचे कान बहुधा स्वच्छ राहतात. तेव्हां पावसावर सर्व भार टाकून स्वस्थ बसणें बरें नव्हे.

कुत्र्याच्या कानाची घडण माणसाच्या कानाहून निराळी आहे. आपली नळी आंखूड व जवळजवळ सरळ. कुत्र्याची नळी आधीं खालीं उतरते आणि मग एकदम आंत वळते. सुताराच्या गुण्याचा आकार डोळ्यांपुढें आणला, म्हणजे ती बरोबर ध्यानांत येईल. पडदा असतो तो या वळणाच्या पलीकडे. म्हणून वरून दिसणारी पाळी स्वच्छ आहे एवढ्यावरून आंत सर्व ठीक आहे असें समजूं नये. आणि आंत सांचलेला मळ किंवा पाणी आपोआप बाहेर येईल अशीही आशा करूं नये. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनिअल या लोंबत्या कानांच्या जातींत तर पाळीचें झांकण नळीवर सदैव पडलेलें. आंत ऊब, ओल आणि अंधार. बुरशीला याहून अधिक काय हवें?

पशुवैद्य या दुखण्याचा विचार चार अंगांनीं करतात, आणि ही चौकट गृहिणींनींही समजून घ्यावी असें आम्हांस वाटतें. पहिलें अंग पूर्वतयारीचें: लोंबते कान, अरुंद नळी, ओल, आणि अतिरेकानें केलेली सफाईसुद्धां. दुसरें अंग मूळ कारणाचें: कानांतील किडे, आंत शिरलेलें कुसळ, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें मंदपण, आणि सर्वांत वारंवार आढळणारें कारण म्हणजे वावडें, ज्यास आपण आतां सर्रास ॲलर्जी म्हणतों. तिसरें अंग मागाहून येणाऱ्यांचें. मॅलासेझिया नांवाची बुरशी व नाना प्रकारचे जंतु निरोगी त्वचेवरही थोडेबहुत असतातच. वावड्यानें त्वचा सुजली, कीं त्यांस रान मोकळें मिळतें. चौथें अंग दुखणें मुरविणाऱ्या गोष्टींचें: वारंवार सुजून जाड झालेली नळी, फाटलेला पडदा, पडद्यामागें सांचलेला पू. आपण बाटली आणतों ती बहुतेक वेळां तिसऱ्या अंगावर. बुरशी मरते, दुसरें अंग जागच्या जागीं राहतें, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं बुरशी परत येते. दुखणें पुन्हां येतें याचें हेंच रहस्य आहे. आगंतुकांस हांकलून दिलें, पण दार उघडें टाकणारा घरांतच राहिला.

मूळ कारण ओळखण्यास घरच्या माणसांची नजर फार उपयोगी पडते. दुखणें एकाएकीं, एकाच कानास, आणि भात पिकून बांधावरचें गवत वाळूं लागल्याच्या दिवसांत आलें, तर कुसळाचा संशय घ्यावा. लहान पिलाच्या कानांत कॉफीच्या चोथ्यासारखा काळसर कोरडा मळ दिसला व कंड असह्य असला, तर किड्यांचा. परंतु दोन्ही कान वारंवार बिघडतात, शिवाय कुत्रा पंजे चाटतो, काखा व पोट लाल होतें, तोंड सतरंजीवर घांसतो, असें दिसलें, तर दुखणें कानाचें नसून सबंध त्वचेचें आहे व कान ही तिची केवळ एक खिडकी आहे, असें समजावें. पांढऱ्या कुत्र्याचे पंजे तांबूस दिसूं लागले, तर ती रोजच्या चाटण्याची खूण होय. लाळेचा डाग तेथें पडतो.

आतां घरगुती उपायांविषयीं चार शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. कोंकणांत कान दुखला, कीं खोबरेल तेलांत लसणीची पाकळी कढवून तें कोमट थेंब घालण्याची रीत जुनी आहे. प्रेमानेंच केलेला उपाय; परंतु कुत्र्याच्या बाबतींत तो टाळावा. तेलानें मळ भिजून अधिक खोल बसतो, तपासणाऱ्यास आंतलें कांहीं दिसत नाहीं, आणि लसूण व कांदा कुत्र्याच्या पोटांत गेल्यास त्याच्या रक्तपेशींस अपाय होतो. कानांतलें तेल तो पंजानें पुसून चाटणारच. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान होतें, पण सुजलेल्या त्वचेस तो जाळतो. कापसाच्या काडीनें मळ निघत नाहीं, वळणाच्या पलीकडे ढकलला जातो. आणि मागच्या वर्षीं उरलेली थेंबांची बाटली तर मुळींच उघडूं नये. पडदा फाटला असेल, तर कांहीं औषधें आंतल्या कानांत उतरून बहिरेपणा आणतात, मान एका बाजूस कलते, चालण्याचा तोल जातो. पडदा शाबूत आहे कीं नाहीं हें बाहेरून कोणासही सांगतां येत नाहीं. त्यास दुर्बिणीसारखें यंत्र आंत घालून पाहावें लागतें.

म्हणून पहिलें पाऊल तपासणीचें. कानांतला थोडा मळ कांचपट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, कीं दहा-पंधरा मिनिटांत पुष्कळ उलगडा होतो. शेंगदाण्याच्या आकाराचे दाणे दिसले तर बुरशी. गोल ठिपके दिसले तर एक प्रकारचे जंतु. दांडीसारखे दिसले तर निराळे, आणि त्यांत स्यूडोमोनास निघाला, तर तो अनेक औषधांस दाद देत नसल्यामुळें पुढील परीक्षा करून औषध निवडावें लागतें. एवढी साधी तपासणी न करतां औषध घालणें म्हणजे पत्ता न लिहितां पत्र टाकणें. ही विद्या आपल्याकडे कालची नव्हे. परळ येथें बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय १८८३ सालीं स्थापन झालें, आणि १८८६ सालीं परळासच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालें. आज तें नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचें अंग आहे. गांवच्या पशुवैद्यांच्या हातीं दुखणें आटोपेना, तर पेण-रोह्याच्या माणसांस मुंबईची वाट कांहीं दूर नाहीं. माणसाच्या कानासाठीं आपण मुंबई गांठतों. जो घराची राखण करतो त्याच्यासाठीं एक दिवस मोडला, तर तो व्यर्थ गेला असें कोणीं म्हणूं नये.

उपचारांत दोन गोष्टी चुकतात: आधीं कान धुतला जात नाहीं, आणि औषध लवकर थांबविलें जातें. पेणजवळच्या हमरापूर, जोहें या गांवांतील मूर्तिकार हें तत्त्व जाणतात. ओल्या मूर्तीवर रंग दिला तर तो धरत नाहीं, म्हणून पावसाळ्यांत त्यांचा निम्मा जीव मूर्ति सुकविण्यांत जातो. मळानें भरलेल्या कानांत टाकलेलें औषध तसेंच वांयां जातें. पशुवैद्यांनीं दिलेलें धुण्याचें द्रव बाटलीसकट कोमट पाण्यांत धरून अंगाच्या उबेइतकें करावें. पाळी वर धरून नळी भरेल इतकें ओतावें. कानाच्या मुळाशीं बोटांनीं अर्धा मिनिट हळुवार चोळावें, म्हणजे आंत पचपच असा आवाज येतो. मग त्यास मोकळेपणानें मान झाडूं द्यावी, आणि वर आलेला मळ कापसाच्या बोळ्यानें, दिसतो तेवढाच, टिपून घ्यावा. अंगण ही या कामास योग्य जागा. देवघराजवळची ओसरी नव्हे. वेदना फार असतील, तर मात्र हें काम घरीं करूं नये. आधीं सूज उतरविणारें औषध द्यावें लागतें. थेंब किती दिवस घालावयाचे तें पशुवैद्य ठरवितील. दर्प गेला म्हणजे रोग गेला असें नव्हे. कांचपट्टीवर पुन्हां पाहून कान निर्मळ ठरला, तरच औषध थांबवावें. पुढें साधारण आठवड्यांतून एकदां, आणि नदींत डुंबल्यावर किंवा स्नानानंतर, एवढी सफाई पुरे. रोज रोज धुतल्यानें त्वचा ओलावून उलट बिघडते.

येथवरचें काम एका माणसाचें झालें. यापुढचें काम सबंध घराचें आहे, आणि म्हणूनच तें कठीण आहे.

अन्नाचें वावडें आहे कीं नाहीं हें पाहण्यास रक्ताची भरंवशाची परीक्षा अद्याप नाहीं. एकच खात्रीचा मार्ग आहे: निदान आठ आठवडे कुत्र्यास त्यानें पूर्वीं कधींही न खाल्लेलें अन्न द्यावयाचें, आणि त्याखेरीज दुसरें कांहींही त्याच्या तोंडीं जाऊं द्यावयाचें नाहीं. कोणत्या पदार्थांचें वावडें अधिक आढळतें? २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संकलनांत २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यांत गोमांसाचें वावडें शेंकडा ३४, दूधदुभत्याचें १७, कोंबडीचें १५ आणि गव्हाचें १३ कुत्र्यांस आढळलें. ही पाहणी आपल्याकडील घरांची नव्हे. तरी तिच्यांतील दूध आणि गहूं हीं दोन नांवें वाचून आमच्या वाचक भगिनी थबकल्या असतील. कारण आपल्या घरचा कुत्रा दूधपोळीवरच वाढलेला असतो. ज्या सात्त्विक अन्नास आपण सर्वांत निरुपद्रवी समजतों, तेंच एखाद्या कुत्र्यास सोसत नसेल, हा विचार मनास चमत्कारिक वाटतो. पण वावडें हें पदार्थाच्या गुणावर अवलंबून नसतें, शरीराच्या समजुतीवर असतें. आणि वर्षानुवर्षें तोच पदार्थ खाऊनही तें पुढें केव्हां तरी उत्पन्न होऊं शकतें. ‘लहानपणापासून खातोच आहे,’ हें उत्तर येथें लागू पडत नाहीं.

एकत्र कुटुंबांत कुत्र्यास खाऊं घालणारे हात मोजून पाहावे. आजोबा सकाळच्या चहाबरोबर अर्धें बिस्किट टाकतात. आजी ताकभाताचा शेवटचा घांस राखून ठेवतात. धाकट्या जाऊबाई दुधाची साय उतरवितांना त्यास विसरत नाहींत. मुलें नावडती पोळी पाटाखालीं सरकवितात, आणि शेजारचे काका कुंपणावरून खारी देतात. यांतील प्रत्येकजण म्हणतो, कीं आम्ही तर कांहींच देत नाहीं. आणि यांतील कोणाचाही हात धरणें सोपें नाहीं. वैश्वदेवांत कुत्र्याचाही बळी काढण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. मुक्या प्राण्याच्या मुखीं घांस घालणें हें आजींच्या दृष्टीनें खाद्य नव्हे, धर्म आहे. नव्या सुनेनें त्यांस ‘देऊं नका’ म्हणावें, हा प्रसंग वाटतो तितका लहान नाहीं.

आमची सूचना अशी, कीं आजींस मना करूं नये; त्यांच्याच हातीं कारभार द्यावा. परीक्षेच्या अन्नाचा डबा वेगळा काढून त्याची चावी, म्हणजे अधिकार, घरांतील सर्वांत वडील आणि सर्वांत सढळ हाताच्या माणसाकडे सोंपवावा. ज्यास घांस घालावासा वाटेल, त्यानें त्याच डब्यांतून घालावा. देण्याचें समाधान राहतें आणि परीक्षाही मोडत नाहीं. स्वयंपाकघराच्या दाराशीं एक पाटी टांगावी आणि तींवर मुलांनीं रोज लिहावें: किती वेळां मान झाडली, किती वेळां पंजे चाटले, कांहीं चोरून खाल्लें काय. मुलांस पहारा दिला, कीं चोरी बहुधा थांबते. पंगत उठेपर्यंत कुत्र्यास अंगणांत बांधावें. चवीसाठीं मांसाचा अर्क घातलेल्या जंताच्या गोळ्याही या काळांत चालत नाहींत. पशुवैद्यांस तसें सांगून दुसऱ्या मागून घ्याव्या.

अन्न कोणतें, हें पशुवैद्यांच्या सल्ल्यानेंच ठरवावें. ज्यांतील प्रथिनांचे अतिशय बारीक तुकडे केलेले असतात, असें तयार खाद्य मिळतें. शाकाहारी घरांस तें सोयीचें, कारण डबा उघडण्यापलीकडे त्याचा स्पर्श स्वयंपाकास नाहीं. ज्यांस घरींच शिजवावयाचें आहे, त्यांनीं एक नवें प्रथिन व एक नवा पिष्टमय पदार्थ निवडावा. ज्या घरांत कुत्र्यास मासळी कधींच मिळाली नाहीं, तेथें बिनकांट्याची मासळी आणि रताळें ही जोडी होऊं शकते. पेण-अलिबागकडील तळ्यांतला जिताडा प्रसिद्ध आहे. तो शेजाऱ्यांकडून शिजवून आणवितां येतो, किंवा अंगणांत वेगळी चूल मांडतां येते. ज्यांस हें मुळींच मानवत नाहीं, त्यांनीं तयार खाद्य घ्यावें. यांत वाद घालण्यासारखें कांहीं नाहीं. तूप, मीठ, मसाला मात्र कोणत्याही रूपानें नको.

काल कोणता निवडावा? गणपति, नवरात्र, दिवाळी या दिवसांत घरांत इतकें गोडधोड असतें, कीं परीक्षा चार दिवसही टिकणार नाहीं. प्रसादांतील मनुका तर परीक्षा नसतांनाही देऊं नये. द्राक्षें व मनुका यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें बिघडूं शकतात. तुळशीचें लग्न झालें म्हणजे आरंभ करावा. संक्रांतीच्या सुमारास आठ आठवडे पुरे होतात. पण येथें एक फसगत होण्याचा संभव आहे. त्याच दिवसांत हवाही कोरडी होते. कान बरा झाला, तो अन्न बदलल्यामुळें कीं पाऊस गेल्यामुळें? याचा निर्णय एकाच रीतीनें होतो: पूर्वींचें अन्न पुन्हां सुरू करून पाहावयाचें. दोन आठवड्यांच्या आंत कंड परतला, आणि परीक्षेचें अन्न दिल्यावर पुन्हां शमला, तर वावडें सिद्ध झालें. मग दूध, गहूं असा एकेक पदार्थ देऊन अपराधी कोण तें ठरवावें. हें शेवटचें पाऊल घरोघर गाळलें जातें, कारण बऱ्या झालेल्या जिवास पुन्हां त्रास द्यावा असें कोणास वाटत नाहीं. परंतु तें गाळलें, तर जन्मभर निष्कारण पथ्य करावें लागेल, किंवा खरें कारण हातांतून निसटेल.

अन्न निर्दोष ठरलें, तर उरतें हवेंतलें वावडें: गवताचे परागकण, बुरशीचे कण, आणि अंथरुणांतील डोळ्यांस न दिसणारे धुळीचे किडे, ज्यांस कोंकणाची ओल फार मानवते. हेंच वावडें अन्नाच्या वावड्याहून अधिक आढळतें. तें समूळ जात नाहीं. ताब्यांत ठेवतां येतें. कुत्र्याचें अंथरूण दर आठवड्यास कढत पाण्यांत धुवावें व उन्हांत वाळवावें. जुनी कापसाची गादी त्यास देऊं नये. फिरून आल्यावर पंजे ओल्या फडक्यानें पुसून कोरडे करावे. पिसवा व गोचिडी यांचा बंदोबस्त बारा महिने ठेवावा, कारण पिसवेच्या एका चाव्यानेंही कांहीं कुत्र्यांच्या अंगाची आग होते. एवढ्यानें भागलें नाहीं तर औषधें आहेत. पूर्वीं स्टिरॉइडवांचून गति नव्हती, आणि त्यानें तहान, भूक, लघवी वाढून इतर अपाय होत. आतां सायक्लोस्पोरिन आहे. अमेरिकेंत २०१३ सालीं मान्य झालेलें ऑक्लासिटिनिब आहे. आणि कारणीभूत कण अल्प प्रमाणांत टोंचून शरीरास संवय लावण्याची रीतही आहे. कोणतें कोणास, हें पशुवैद्यांनींच सांगावयाचें.

एवढा खटाटोप कुत्र्यासाठीं कां, असें विचारणारेही वाचक असतील. त्यांस आमचें उत्तर असें. मुरलेल्या दुखण्यानें नळी जाड होऊन बंद होते, पडद्यामागें पू सांचतो, आणि शेवटीं ती सबंध नळीच काढून टाकण्याची अवघड शस्त्रक्रिया उरते. मान झाडून झाडून पाळींत रक्त सांचतें व ती पुरीसारखी फुगते. आणि याहून वाईट गोष्ट निराळीच आहे. ठणकणाऱ्या कानास रांगतें मूल हात लावतें, आणि सात वर्षें कोणावर न भुंकलेला कुत्रा एकाएकीं चावतो. त्या क्षणीं घराचा न्याय फार झटपट होतो. ‘पिसाळला’, ‘माजला’, असे शब्द निघतात, आणि एके दिवशीं त्यास गाडींत घालून दूर महामार्गाच्या कडेला सोडून येतात. उपासमारीच्या यातना होतील अशा स्थितींत प्राण्यास टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणें अपराध आहे; पण कायदा राहूं द्या. तो चावला तो स्वभावानें नव्हे, वेदनेनें. आणि ती वेदना सहा महिने रोज रात्रीं ओसरीवरून मान झाडून झाडून सांगत होता.

म्हणून येत्या मृगापूर्वीं प्रत्येक घरानें एवढें करावें: कुत्र्याचे दोन्ही कान उजेडांत उलटून पाहावे, हुंगावे, आणि कांहीं वेगळें दिसल्यास पाऊस लागण्याची वाट न पाहतां पशुवैद्यांकडे न्यावें. माणूस ‘दुखतें’ असें म्हणूं शकतो. म्हातारीं माणसें कण्हतात, मुलें रडतात, आणि घर धांवून येतें. ज्याला यांतलें कांहींच येत नाहीं, त्याच्या कानांकडे घरानें आपण होऊन लक्ष दिलें पाहिजे.